माउस बाजूला ठेवल्यावर

तळेगाव स्टेशनहून नवलाख उंबऱ्याकडे निघालं की वराळे मागे पडतं, इंद्रायणीचा पूल लागतो आणि मग आंबी. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीची कंपाउंडं, आणि कुठे ना कुठे खोदकाम चाललेलं. इथल्याच एका चहाच्या टपरीवर मी माझा प्रोटोटाइप पहिल्यांदा एका पोकलेन ऑपरेटरसमोर ठेवला. पोकलेन म्हणजे एक्स्कॅव्हेटर. फ्रान्समधल्या पोक्लें कंपनीचं नाव आपल्याकडे यंत्राचंच नाव होऊन बसलं, तसंच जेसीबीचंही झालं.

नवशिक्या ऑपरेटरला सरावासाठी एखादं छोटं ॲप करता येईल का, याची मी चाचपणी करत होतो. पडद्यावर यंत्राचं चित्र आणि खाली आठ बटणं: बूम वर, बूम खाली, आर्म बाहेर, आर्म आत, बकेट बंद, बकेट उघड, स्विंग डावीकडे, स्विंग उजवीकडे. (बूम म्हणजे यंत्राचा मोठा हात, आर्म म्हणजे त्याच्या पुढचा हात, बकेट म्हणजे टोकाची बादली आणि स्विंग म्हणजे वळणं.) सगळी माउसने दाबायची. "दादा, जरा बूम उचलून बघा," मी म्हणालो. त्यांनी माउस धरला, बाण शोधला, तो बटणावर नेला, दाबला. बूम वर गेला. मग बकेटचं बटण शोधलं, तिकडे बाण नेला, दाबलं. तीन-चार वेळा असं केल्यावर त्यांनी माउस सोडून दिला. "सर, हे मोबाइलसारखं झालं. मशीन असं चालत नाही."

त्यांचा डावा हात एवढा वेळ मांडीवर नुसता पडून होता, तेव्हा कुठे माझ्या ते लक्षात आलं. केबिनमध्ये या माणसाचे दोन्ही हात दिवसभर चालू असतात. बूम उचलता उचलता आर्म आत ओढणं, बकेट मिटणं आणि वळणं हे सगळं एका दमात होतं. मी त्यांना एका बोटावर आणून बसवलं होतं. पडद्यावरचं चित्र चांगलं असून भागत नव्हतं, कारण हातातली वस्तूच चुकीची होती.

प्रोटोटाइप म्हणजे वस्तू तयार होण्याआधीचं तिचं चालतं-बोलतं रूप, ज्यावर चूक स्वस्तात सापडते. आज बहुतेक डिझायनर ते फिग्मासारख्या साधनात करतात: पडद्याची चित्रं काढायची, त्यांना फ्रेम म्हणायचं, आणि इथे टिचकी मारली की त्या फ्रेमवर जा अशा तारा जोडायच्या. मोबाइलच्या ॲपला हे छान जमतं, कारण तिथे खरंच बोट पडद्यावर टेकतं. पण आपल्या भोवतालच्या कितीतरी वस्तू पडद्याला हात न लावता चालतात: टीव्हीचा रिमोट, लिफ्ट, कारखान्यातलं पॅनल, मतदान यंत्र, गाडीच्या स्टिअरिंगवरची बटणं. अशा वस्तूचा प्रोटोटाइप माउसने चालवून बघितला तर बघणारा आपल्याला चित्राबद्दल सांगतो, वस्तूबद्दल नाही. यावर सगळ्यांत स्वस्त उपाय टेबलावर आधीच पडलेला असतो, तो म्हणजे कीबोर्ड. दुसरा घरातल्या मुलांकडे असतो, तो म्हणजे गेमचा कंट्रोलर.

आधी कीबोर्ड. पोकलेनच्या केबिनमध्ये उजव्या हाताला एक छोटा मॉनिटर असतो आणि त्याखाली मेनूची बटणं. समजा त्यातली चार बटणं आपल्याला करायची आहेत. फिग्मात एक फ्रेम निवडायची, प्रोटोटाइपच्या पट्टीत नवा इंटरॅक्शन घ्यायचा, आणि ट्रिगरच्या यादीत टिचकीऐवजी 'की/गेमपॅड' निवडायचं. मग साधन थांबून वाट बघतं. आपण हवी ती की दाबली की तीच नोंदली जाते. त्यानंतर कुठल्या फ्रेमवर जायचं ते सांगायचं. झालं.

मात्र तीन गोष्टींत नवखा माणूस हमखास अडकतो. पहिली: हा नियम त्या एका फ्रेमपुरता असतो. मागे जाण्याची की दहा पडद्यांवर चालायला हवी असेल तर ती दहाही ठिकाणी जोडावी लागते. दुसरी: काही की साधनाने आधीच स्वतःच्या कामाला घेतलेल्या असतात. प्रोटोटाइप दाखवताना फिग्मात 'आर' दाबलं की तो पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून 'रिव्हर्स'साठी 'आर' घेण्याचा मोह टाळावा. तिसरी सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत जास्त वेळ खाणारी: ब्राउझरच्या ज्या खिडकीवर लक्ष आहे तिलाच कीबोर्डची बातमी पोचते. लोकांसमोर प्रोटोटाइप उघडला, की दाबली आणि काहीच झालं नाही, तर आधी त्या खिडकीवर एकदा टिचकी मारून बघा.

आणखी एक करायचंच. कागदाची छोटी चौकोनं कापून 'मेनू', 'वर', 'खाली', 'ठीक' असं लिहून ती त्या त्या कीवर चिकटवायची, आणि बाकीचा कीबोर्ड पुठ्ठ्याने झाकून फक्त चार खिडक्या ठेवायच्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण बघणाऱ्याची नजर कीबोर्डवरून हटते आणि तो पॅनल वापरू लागतो.

की दाबणं ही एकच घटना नसते, हेही इथे समजून घ्यायला हवं. बोट खाली गेलं की ब्राउझरला 'कीडाउन' कळतं, बोट उचललं की 'कीअप'. मधे बोट तसंच दाबून ठेवलं तर थोड्या वेळाने तीच 'कीडाउन' पुन्हा पुन्हा येऊ लागते. आपण 'ककककक' लिहितो ते याच सोयीमुळे. लिहिताना ही सोय उपयोगाची, हॉर्नचा प्रोटोटाइप करताना ती घात करते. हॉर्न दाबला की वाजायला लागला पाहिजे आणि सोडला की थांबला पाहिजे. मधल्या पन्नास 'कीडाउन' आपल्या कामाच्या नाहीत. त्या प्रत्येक घटनेसोबत 'रिपीट' नावाची एक खूण येते. ती खरी असेल तर घटना सोडून द्यायची, एवढी एक ओळ कोडमध्ये टाकली की काम होतं. फ्रेम जोडून केलेल्या प्रोटोटाइपमध्येही हाच प्रश्न स्वतःला विचारावा: हे बटण दाबल्यावर काम करतं, सोडल्यावर करतं, की दाबून ठेवलं असेतोवर करतं?

आता एक अडचण सांगतो, जी इंग्रजी पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकते आणि आपल्याकडे मात्र रोज दारात उभी असते.

एका कार्यालयात मी असाच प्रोटोटाइप दाखवायला गेलो होतो. गेम खेळणाऱ्यांच्या सवयीप्रमाणे डब्ल्यू, ए, एस, डी या चार की मी वर, डावीकडे, खाली, उजवीकडे अशा वापरल्या होत्या. माझ्या लॅपटॉपवर सगळं चालत होतं. तिथल्या संगणकावर एकही की चालेना. टिचकी मारून झाली, कीबोर्ड बदलून झाला, तरी काही नाही. त्या संगणकावर दिवसभर मराठीत काम चालायचं आणि कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर होता.

इन्स्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिप्यांसाठी सरकारने ठरवलेली कीबोर्डची मांडणी. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. तिच्यात 'डब्ल्यू'च्या जागी दोन मात्रांची खूण येते, 'ए'च्या जागी ओकाराची, 'एस'च्या जागी एका मात्रेची आणि 'डी'च्या जागी हलन्ताची. माझा कोड 'डी' या अक्षराची वाट बघत बसला होता आणि कीबोर्ड त्याला पाय मोडायची खूण पाठवत होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. चूक माझी होती.

ब्राउझर प्रत्येक कीबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. 'की' या नावाखाली येतं ते उमटणारं अक्षर. भाषा बदलली की ते बदलतं. 'कोड' या नावाखाली येतं ते कीबोर्डवरचं ठिकाण, आणि ते भाषेने बदलत नाही. 'डी' जिथे छापलंय त्या जागेचा कोड इंग्रजीतही 'की-डी' आणि इन्स्क्रिप्टमध्येही 'की-डी'च असतो. म्हणून जिथे बोटाची जागा महत्त्वाची आहे, म्हणजे दिशा, खेळ, पॅनलची बटणं, तिथे 'कोड' वाचायचा. जिथे अक्षर महत्त्वाचं आहे, म्हणजे नाव लिहिणं, 'होय'साठी 'ह' दाबणं, तिथे 'की' वाचायची. हा फरक मराठी माणसाने हाताला लावून घेतलाच पाहिजे, कारण आपल्या कार्यालयांत इन्स्क्रिप्ट आहे, टायपिंगच्या परीक्षा देऊन आलेल्यांच्या बोटांत रेमिंग्टन टाइपरायटरची मांडणी आहे, आणि फोनवरून आलेली पिढी रोमन अक्षरांत मराठी लिहिते. एकच संगणक सकाळी एकाचा, दुपारी दुसऱ्याचा असतो.

मराठी कशी लिहावी हा प्रश्नसुद्धा आपल्याकडे प्रोटोटाइप करकरूनच पुढे गेला आहे. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी 'कीलेख' नावाचा कीबोर्ड केला आणि त्यावरचं काम २००४ साली जगासमोर मांडलं. पुढे तिथूनच फोनसाठी 'स्वरचक्र' आलं: 'क' वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु यांचं चक्र उमटतं आणि बोट सरकवून हवं ते घ्यायचं. लिपीची बाराखडी बोटाच्या हालचालीत बसवायची, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

कीबोर्डची मर्यादा कळते ती एकाच वेळी अनेक की दाबाव्या लागतात तेव्हा. ब्रेल लिहिण्याचं उदाहरण घेऊ. ब्रेलचं एक अक्षर सहा टिंबांच्या घरात बसतं. साध्या कीबोर्डवर ब्रेल लिहिताना एफ, डी, एस या तीन की टिंब १, २, ३ साठी आणि जे, के, एल या तीन ४, ५, ६ साठी वापरायची पद्धत आहे. भारती ब्रेलमध्ये 'क' म्हणजे टिंब १ आणि ३, म्हणून एफ आणि एस एकदम दाबायचं. 'म' म्हणजे १, ३, ४, तर एफ, एस आणि जे.

आता 'एकदम' म्हणजे काय? माणसाची तीन बोटं कधीच एका क्षणी खाली जात नाहीत, एखादं थोडं मागेपुढे होतंच. पहिली की खाली गेल्या गेल्या उत्तर दिलं तर 'म' लिहायला निघालेल्याला भलतंच अक्षर मिळेल. म्हणून युक्ती अशी: की खाली गेली की ती एका पिशवीत टाकायची. पुढची गेली, तीही पिशवीत. अक्षर ठरवायची घाई करायची नाही. सगळी बोटं वर आली, एकही की दाबलेली उरली नाही, की मग पिशवी उघडून बघायचं आत काय काय आहे, त्याप्रमाणे अक्षर उमटवायचं आणि पिशवी रिकामी करायची. उत्तर 'कीडाउन'वर नाही तर शेवटच्या 'कीअप'वर. पेटीवर सूर धरताना बोटं जशी एकेक करून बसतात आणि मग सूर एक होऊन ऐकू येतो, तसं हे आहे.

पण स्वस्त कीबोर्डवर हे सगळं नीट लिहूनही काही अक्षरं येत नाहीत. कीबोर्डच्या आत प्रत्येक कीला वेगळी तार नसते. हजेरीपटासारख्या आडव्या ओळी आणि उभे रकाने असतात, आणि की दाबली की एक ओळ एका रकान्याला टेकते. एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले तर विजेला आडवाटेने चौथ्या कोपऱ्यातूनही रस्ता मिळतो आणि न दाबलेली की दाबल्यासारखी दिसते. हे भूत टाळायला बरेच कीबोर्ड अशा वेळी तिसरी की नोंदवतच नाहीत. महाग कीबोर्डमध्ये प्रत्येक कीपाशी डायोड बसवून ही आडवाट बंद केलेली असते. शिवाय यूएसबीची जी सगळ्यांत साधी पद्धत आहे, तिच्यात कीबोर्ड दर खेपेला ८ बाइटची चिठ्ठी पाठवतो: एक बाइट शिफ्ट-कंट्रोलसारख्या कींसाठी, एक राखीव, आणि उरलेल्या सहांत सहा की. ब्रेलला नेमक्या सहाच लागतात हे आपलं नशीब. तरीही ज्या कीबोर्डवर दाखवायचं त्याच कीबोर्डवर सगळी अक्षरं आदल्या दिवशी तपासून घ्यावीत.

पुन्हा आंबीच्या रस्त्यावर येतो.

पुढच्या खेपेला मी गेमचा कंट्रोलर घेऊन गेलो. दोन हातांत धरायचा, दोन अंगठ्यांखाली दोन छोट्या स्टिक. पोकलेनच्या केबिनमध्येही खुर्चीच्या दोन बाजूंना दोन लिव्हर असतात. मापात फरक आहे, पण दोन हात आणि चार हालचाली हा हिशेब जुळतो. आयएसओच्या मांडणीत डावा लिव्हर डावी-उजवीकडे नेला की यंत्र वळतं, पुढे-मागे केला की आर्म बाहेर-आत होतो. उजवा लिव्हर पुढे-मागे केला की बूम, डावी-उजवीकडे केला की बकेट. दुसरी एसएईची मांडणी आहे, तिच्यात आर्म आणि बूम यांचे हात बदललेले असतात. कित्येक यंत्रांत दोहोंतली एक निवडता येते.

कंट्रोलर जोडताना पहिला धक्का बसतो तो असा, की वायर लावली तरी ब्राउझर म्हणतो काहीच जोडलेलं नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. तुमच्याकडे कुठला कंट्रोलर आहे हे कुठल्याही वेबपेजला आपोआप कळू नये, म्हणून त्यावरचं एखादं बटण दाबेपर्यंत ब्राउझर तो लपवून ठेवतो. बटण दाबा, तो जागा होतो. आणि चारचौघांत दाखवायचं असेल तर ब्लूटूथच्या नादी न लागता सरळ वायर वापरावी.

मग क्रमांक. ब्राउझरच्या प्रमाणित मांडणीत १७ बटणं आणि ४ अक्ष असतात, मोजणी शून्यापासून. उजवीकडच्या चार बटणांतलं सगळ्यांत खालचं ०, उजवीकडचं १. खांद्यावरची बटणं ४ आणि ५, त्यांखालचे ट्रिगर ६ आणि ७, दिशांची अधिकची खूण १२ ते १५. डावी स्टिक अक्ष ० आणि १, उजवी २ आणि ३. बटणांवर काय छापलंय याच्या भरवशावर राहू नये: एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर खालच्या बटणावर 'ए' असतं, निन्टेंडोच्या कंट्रोलरवर त्याच जागी 'बी'. त्यामुळे सूचनेत 'ए दाबा' न लिहिता 'खालचं बटण दाबा' लिहिणं किंवा चार गोल काढून एक रंगवणं बरं. फिग्मातही हीच की/गेमपॅडची वाट कंट्रोलरच्या बटणांना चालते. एक्सबॉक्स वन, पीएस४ आणि स्विच प्रो हे कंट्रोलर तिथे चालतात. बटण दाबलं की फ्रेम बदलली, एवढंच हवं असेल तर कोडची गरज नाही. स्टिक किती कलली हे मोजायचं असेल तर मात्र ब्राउझरमध्ये थोडा कोड लिहावा लागतो.

कीबोर्ड आणि कंट्रोलर यांत एक मोठा फरक आहे. कीबोर्ड स्वतःहून हाक मारतो, म्हणजे की दाबली की बातमी येते. कंट्रोलरकडे आपणच जाऊन विचारावं लागतं, "आता कुठे आहेस?" पडदा दर सेकंदाला साधारण ६० वेळा रंगतो, आणि प्रत्येक वेळी रंगवण्याआधी हा प्रश्न विचारायचा. म्हणजे दोन प्रश्नांत सुमारे १७ मिलिसेकंद जातात. हात हलवणं आणि पडद्यावर दिसणं यांत सेकंदाचा दहावा भाग गेला तर माणसाला ते जाणवतं, त्यामुळे १७ मिलिसेकंद परवडतात. ऑपरेटरसारख्या सरावलेल्या हाताला मात्र त्या दहाव्या भागाहून कमी दिरंगाईही खुपते.

स्टिक उत्तर देते ते उणे १ ते अधिक १ यांमधल्या आकड्यात. पूर्ण डावीकडे उणे १, पूर्ण उजवीकडे १, मध्यावर शून्य. पुढे ढकललं की उणे, मागे ओढलं की अधिक. हे उलटं वाटतं, पण पडद्यावरचं मोजमाप वरून खाली जातं म्हणून तसं आहे. मध्यावरचा शून्य मात्र क्वचितच खरा शून्य असतो. आतल्या पट्टीवर घासून घासून स्टिक सैल होते आणि हात काढून घेतल्यावरही ०.०३, ०.०६ असे आकडे येत राहतात. तसाच आकडा वापरला तर कुणी हात न लावता पडद्यावरचा बूम हळूहळू खाली येत राहतो. खऱ्या यंत्राबद्दल असं नुसतं मनात आणून बघा.

म्हणून मध्याभोवती एक मेलेला पट्टा ठेवतात, समजा ०.१५ चा. त्याच्या आतला कुठलाही आकडा शून्य धरायचा. पण एवढंच केलं तर पट्टा ओलांडताच बूम एकदम ०.१६ च्या वेगाने झटका देऊन सुटतो. त्यासाठी उरलेला प्रवास पुन्हा शून्यापासून मोजायचा: आलेल्या आकड्यातून ०.१५ वजा करायचे आणि ०.८५ ने भागायचं. मग ०.१६ चा होतो साधारण ०.०१, आणि १ चा १ च राहतो. यापुढे मी त्या आकड्याचा वर्ग करतो, फक्त चिन्ह तेवढं सांभाळून. तो आकडा अर्धा असेल तर मग पाव वेग मिळतो. मध्याजवळ बारीक काम जमतं आणि टोकाला पूर्ण जोर मिळतो. खेळांमध्ये हा मेलेला पट्टा बहुधा गोल ठेवतात, कारण तिथे पात्र कुठल्याही दिशेला चालतं. पोकलेनला मी तो प्रत्येक अक्षाला वेगळा ठेवला. बूम उचलताना अंगठा किंचित कलला म्हणून बकेट उघडली तर माती सांडते.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मला इथे उमगली. माउस जागा सांगतो, लिव्हर वेग सांगतो. माउस जिथे नेला तिथे बाण जातो. लिव्हर कलता ठेवला तर बूम वर जातच राहतो, आणि सोडला की जिथे आहे तिथे थांबतो. म्हणून स्टिकचा आकडा थेट बूमच्या कोनाला जोडायचा नसतो. प्रत्येक फेरीत कोनात भर घालायची: वेग गुणिले मधे गेलेला वेळ. हा वेळेचा गुणाकार विसरला तर सेकंदाला १४४ वेळा रंगणाऱ्या महागड्या पडद्यावर तेच यंत्र दुपटीहून जास्त वेगाने पळतं.

हे सगळं करून कंट्रोलर मी त्या ऑपरेटरदादांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, अंगठे स्टिकवर ठेवले, आणि आठ-दहा सेकंदांतच त्यांची नजर हातावरून उठून पडद्यावरच्या बकेटवर गेली. ती तिथेच राहिली. माउसच्या वेळी ती एकदाही तिथे टिकली नव्हती. मग त्यांनी उजवी स्टिक पुढे ढकलली आणि मान हलवली. "उलटं आहे. पुढे ढकललं की बूम खाली जातो." मी पुढे म्हणजे वर असं धरलं होतं, कारण पडद्यावर वर ते वर. त्यांच्या लेखी लिव्हर पुढे ढकलणं म्हणजे बूमला जमिनीकडे लोटणं. आयएसओची मांडणी मी वाचलेली होती, तरी दिशा माझ्या सवयीने घातली गेली. कोडमध्ये एका ठिकाणचं चिन्ह बदललं आणि काम झालं. माउसच्या आठ बटणांवर ही चूक कधीच सापडली नसती, कारण 'बूम खाली' लिहिलेल्या बटणाला पुढे-मागे नसतंच.

कंट्रोलर सगळं सांगत नाही हेही खरं. अंगठ्याची स्टिक बोटभर असते, खरा लिव्हर मुठीत येतो आणि मनगटाने चालतो. दगडाला बकेट अडली की इंजिनाचा आवाज बदलतो, खुर्ची हलते. ते यात नाही. म्हणून यावरून लिव्हरचा आकार ठरवू नये. कुठली हालचाल कुठल्या हाताला, कुठल्या दिशेला, आणि नजर कुठे जाते, एवढं मात्र यावरून ठामपणे कळतं.

कीबोर्डचा आणखी एक उपयोग आहे, ज्यात तो वापरणाऱ्याच्या हातात नसतोच. यंत्र बोलणं ओळखेल असं दाखवायचंय, पण ओळखणारं यंत्र अजून झालेलं नाही. १९८३ साली आयबीएममध्ये जॉन गोल्ड आणि सहकाऱ्यांनी बोललेलं लिहिणाऱ्या टाइपरायटरचा असा प्रयोग प्रसिद्ध केला: माणूस बोलायचा, पडद्यावर शब्द उमटायचे, आणि प्रत्यक्षात दुसऱ्या खोलीत बसलेली टायपिस्ट ते टाइप करत असायची. या पद्धतीला 'विझार्ड ऑफ ओझ' असं नाव पडलं, पडद्यामागून चमत्कार करणाऱ्या गोष्टीतल्या जादूगारावरून. मला त्याऐवजी पिंगुळी आठवते. सिंधुदुर्गातल्या या गावी ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जपला आणि त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. दोरी वर, बाहुली खाली, आणि बघणाऱ्याचं लक्ष बाहुलीवर. पोकलेनच्या ॲपमध्ये "बकेट जास्त भरली" अशी सूचना कधी द्यावी हे मला ठरवता येत नव्हतं. मी वायरलेस कीबोर्ड मांडीवर घेऊन मागे बसलो आणि मला वाटेल तेव्हा की दाबून सूचना पडद्यावर आणत राहिलो. अर्ध्या तासात कळलं की बकेट उचलत असताना आलेली सूचना दादा वाचतच नाहीत, यंत्र थांबल्यावर आलेली वाचतात. हे कळायला कुठलाही सेन्सर लागला नाही. प्रयोग संपल्यावर मात्र मागे मी होतो हे समोरच्याला सांगायचंच.

हातच वेगळे असतील तर? २०१८ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरच्या मागच्या बाजूला १९ छोटे जॅक आहेत. प्रत्येकात पायाने, कोपराने किंवा हनुवटीने दाबायचं वेगळं बटण लावता येतं, आणि संगणकाला तो साधा कंट्रोलरच वाटतो. मेकी मेकी नावाचं छोटं सर्किट याच धर्तीवर संगणकाला आपण कीबोर्ड आहोत असं सांगतं. त्याला चिमट्याने केळं, ओला स्पंज, पेन्सिलीने गिरवलेली रेघ असं वीज वाहून नेणारं काहीही जोडा, ते स्पेसबार होतं. या दोन्हींसाठी प्रोटोटाइपमध्ये एक ओळही बदलावी लागत नाही. एकदा प्रोटोटाइप की आणि बटणांवर चालू लागला की पलीकडे काय जोडायचं हे मोकळं असतं.

कंट्रोलर दाखवला त्या दिवशी निघताना ऑपरेटरदादा म्हणाले, "सगळं झालं, पण लाल लिव्हर कुठाय? तो खाली केल्याशिवाय काही हललंच नाही पाहिजे. पोरं तिथंच चुकतात." केबिनमध्ये डाव्या हाताला सुरक्षेचा एक लिव्हर असतो. तो वर असेपर्यंत बाकीचे लिव्हर कितीही हलवले तरी यंत्र जागचं हलत नाही. माझ्या चित्रात तो नव्हता.

घरी येऊन मी तो डाव्या खांद्याच्या बटणावर, ४ क्रमांकावर बसवला. एकदा दाबलं की उघडं, पुन्हा दाबलं की बंद. पहिल्यांदा तो वेड्यासारखा उघडझाप करू लागला, कारण सेकंदाला ६० वेळा मी विचारत होतो आणि बोट दाबलेलं असेतोवर दर खेपेला उत्तर 'दाबलंय' येत होतं. मागच्या फेरीतलं उत्तर लक्षात ठेवलं, आणि 'मघाशी नव्हतं, आता आहे' असं असेल तेव्हाच लिव्हर पालटायचा असं लिहिलं. मग तो शांत झाला. लाल रंग दिला, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला, आणि सुरुवातीला तो वर असेल असं केलं. पुढच्या वेळी कंट्रोलर हातात घेतल्यावर दादांनी आधी तोच बघितला, खाली केला, आणि मग दोन्ही अंगठे स्टिकवर ठेवले.